साडेपाचची सही

मी कामगार रंगभूमीवर चाळीस वर्षं खलनायक रंगवले. सूड घ्यायला निघालेला माणूस कसा चालतो, आवाज कुठं खाली आणतो, वाक्य संपवण्याआधी किती थांबतो, हे सगळं मी तालमीत घोटून घेतलं होतं. पण खराखुरा सूड घेणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. ते अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायचं, उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये नोकरीला होतं आणि त्याच्या हातात तलवारीऐवजी भोकं पाडलेला पत्र्याचा डबा असायचा.

तिचं नाव यशोधरा. तिचे वडील सुदाम आमच्या कारखान्याच्या नाट्यमंडळात प्रकाशयोजना बघायचे. मिठाच्या पाण्याच्या पिंपात तारा सोडून, दिवे हळूहळू मंद करत सुदाम रंगमंचावर अशी संध्याकाळ उतरवायचा, की पहिल्या रांगेतली माणसं घरी जायची वेळ झाली का म्हणून घड्याळ बघायची. तो गेला तेव्हा यशोधरा एकोणीस वर्षांची होती, बारावी सायन्स पास. पुढचं शिक्षण राहिलं. आई गंगूबाई आणि ती, दोघीच. कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागली ती बावीस वर्षं तिथंच. प्राध्यापक आले, गेले. बरणीतल्या प्राण्याचं नाव अडलं की नवा प्राध्यापक आधी दार लोटून घ्यायचा आणि मग तिला विचारायचा.

तिच्या रागाची मला जुनी ओळख होती. ती दहा वर्षांची असताना बुवापाड्याच्या सार्वजनिक नळावर एका बाईने तिची कळशी लाथेने बाजूला सरकवली होती. पोर रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर ती त्या बाईच्या आधी उठली आणि रोज पहिली कळशी तिचीच लागली. महिन्यानंतर ती बाई सुदामच्या दारात येऊन म्हणाली, "तुमच्या मुलीला सांगा, मी चुकले." सुदामने मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण जरा घाबरलेलाही होता.

आता मुख्य अंक.

सन दोन हजार सहाचा जुलै. रविवारी यशोधरा भाजी घ्यायची ती बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या विठाकडून. विठा तिच्याच वयाची, तोंडाने फटकळ, भेंडी अशी कोवळी आणायची की बोटाने टोक मोडून दाखवायची. त्या रविवारी तिने भाजीच्या टोपलीखालून वितीएवढी एक तपकिरी गोगलगाय काढून यशोधरेच्या हातावर ठेवली.

"बाय, तू कालेजान किड्यामुंग्यांचा बघतस ना? मंग यो काय हाय ता सांग. माजी अर्धी भेंडी खाल्ली यानं."

यशोधरेने उलटसुलट करून पाहिलं, मग पिशवीतला रुमाल काढून हात पुसला. "आधी हात धू, विठा. साबणाने. आणि ही उघड्या हाताने परत धरू नकोस. ही आफ्रिकन गोगलगाय आहे. मुंबईत जुनीच आहे. पण तुमच्याकडे कधी पाहिली नव्हती मी."

"आफ्रिका? मंग इकडं कोनी बोलावली हिला?"

बोलावली कुणी, ते यशोधरेने तीन रविवार शिवार तुडवून शोधून काढलं. विठाच्या वाफ्यांना लागून एक नवं गृहसंकुल उभं राहिलं होतं. आदल्या वर्षीच्या पुरानंतर संकुलवाल्यांनी भरावाची माती आणि शोभेची झाडं ट्रकांनी आणली, आणि त्या मातीतून अंडी आली. ती भिंतीच्या तळाशी, साबुदाण्यासारखी, पुंजक्या-पुंजक्यांनी. पण गोगलगाई होत्या फक्त भिंतीलगतच्या दीड एकरात. पुढच्या बांधापलीकडे एकही नाही.

माझं घर बदलापुरात कात्रपला, दुसऱ्या मजल्यावर. ती तिसऱ्या रविवारी चिखलाच्या पायांनी माझ्या गॅलरीत येऊन बसली आणि म्हणाली, "काका, अजून मुठीत आहे. एक गोगलगाय एका वेळी दोनशे-तीनशे अंडी घालते. हे दोन पावसाळे धरले तर संपेल. तिसऱ्या पावसाळ्यात शिवेवरचा ओढा, तो वहाळ, ओलांडला, की मुरबाडपर्यंत कुणाला आवरणार नाही. मग विठाच काय, कुणीच भाजी लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती कृषी खात्याच्या कचेरीत गेली. डब्यात चार गोगलगाई, हातात अर्ज, अर्जासोबत व्हर्नियरने घेतलेली मोजमापं आणि शिवाराचा हाताने काढलेला नकाशा. तिथले अधिकारी शशिकांत मोहोळकर. गोरेगोमटे, इस्त्रीचे, बोलताना पेन बोटांवर फिरवणारे. खोलीत आठ-दहा शेतकरी बसलेले.

"तुम्ही प्रोफेसर?" मोहोळकरांनी विचारलं.

"नाही सर. लॅब असिस्टंट."

"म्हणजे बाटल्या धुणाऱ्या." त्यांनी शेतकऱ्यांकडे बघून डोळा मिचकावला. दोघे-तिघे हसले. "बाई, गोगलगाय पावसात निघायचीच. ती काय उन्हाळ्यात निघणार? शिवराम, ह्यांचा डबा बाहेर ठेव. टेबलाला वास लागतो."

शिवराम म्हणजे तिथला शिपाई. त्याने डबा उचलला. साहेबांनी अर्जावर लाल शाईने ओळ ओढली: 'अर्जदार तज्ज्ञ नाहीत. दप्तरी दाखल.' खाली सही, तारीख.

हे मला सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. मी एवढी वर्षं रंगमंचावर गरजलो, पण असा सपाट आवाज मला कधी काढता आला नाही.

"डबा बाहेर ठेवला, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण ते हसले ते विठाच्या गावचे होते, काका. उद्या मी त्यांना काही सांगितलं तर ऐकतील का? साहेबाने माझं नाही, माझ्या तोंडातल्या शब्दाचं नाक कापलं. ह्याला मी सोडणार नाही."

"अगं, सोडून दे. असतो एखादा."

"तुम्ही सोडा. तुम्ही मोठे आहात."

मग तिने कृषी विद्यापीठात फोन लावला. तिथून उत्तर आलं, खात्याचं पत्र आलं की आम्ही पाहणीला येऊ. ती पुन्हा कचेरीत. तिथं उत्तर मिळालं, विद्यापीठाचा अहवाल आला की आम्ही पत्र काढू. संकुलाच्या भिंतीच्या आतली बाग एका कचेरीची, बाहेरचं शेत दुसरीचं, मधला वहाळ तिसरीचा. गोगलगाय मात्र एकच होती आणि तिला कुठल्याही कचेरीची परवानगी लागत नव्हती.

इकडे सोनिवलीने स्वतःचा उपाय ठरवला. विठाचे सासरे महिपती हे गावातले जुने जाणते. त्यांनी सांगितलं, गावात पटकी आली, ढोरांना रोग आला की वाडवडील काय करायचे? पीडा टोपलीत घालून, हळदकुंकू वाहून, वाजतगाजत शिवेपार नेऊन टाकायचे. हीपण पीडाच. अमावस्येला सकाळी सगळ्यांनी गोळा करायची आणि वहाळाच्या पलीकडे सोडायची.

वहाळाच्या पलीकडे तारेचं कुंपण घातलेला एक प्लॉट होता. हापूसची कलमं, गुलाब, कोबीचे दोन वाफे, आणि मधोमध अर्धवट बांधलेला बंगला. तो कुणाचा, हे गावाला चांगलं ठाऊक होतं. शशिकांत मोहोळकरांचा.

विठाने निरोप धाडला आणि अमावस्येच्या सकाळी यशोधरा सोनिवलीत हजर झाली. पाच टोपल्या भरल्या होत्या. वर लिंबू, कुंकू. दोन ढोल. महिपती पुढे.

"या मॅडम," महिपती म्हणाले. "तुमच्या सायबाला भेट घेऊन चाललोय. सायेब म्हनला ना, पावसान निघायच्याच? मंग निघू देत त्याच्या गुलाबान."

बायका फिदीफिदी हसल्या. विठा यशोधरेच्या कानाशी आली. "गप ऱ्हा ना गो बाय. मजा बघ. त्यानं तुला बाटल्या धुनारी म्हटला, मी ऐकलाय."

आणि यशोधरा गप्प राहिली. मिरवणूक तिच्या समोरून गेली, शेताची कड संपली, ढोल वहाळापाशी पोचले. पलीकडे ते गुलाब दिसत होते. तिच्या डब्यात मिरवणूक थांबवायला लागेल ते सगळं होतं, आणि तिने डबा उघडला नाही. "दहा मिनिटं, काका," ती मला नंतर म्हणाली. "पूर्ण दहा मिनिटं मी त्याच्या कोबीचं काय होईल ते डोळ्यांसमोर बघत होते. फार बरं वाटत होतं."

पहिली टोपली डोक्यावरून उतरली तेव्हा ती धावली आणि वहाळावरच्या साकवावर आडवी उभी राहिली.

"महिपतीबाबा, थांबा."

"सरका मॅडम. हे आमच्या गावचा हाय. तुमी लोक ह्या मानत नाय, आमाला ठाऊक हाय."

"नाही मानत. माझ्या बापानेही नाही मानलं, आजानेही सोडलं. पण तुमची रीत मोडायला मी आले नाही. एवढंच बघा." तिने डबा उघडला. आत सहा गोगलगाई होत्या आणि सहाही शंखांच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावलेली होती. "शुक्रवारी अशा दहा रंगवून मी विठाकडे दिल्या. तिने बांधापलीकडच्या पडीक कोपऱ्यात तीस पावलांवर टाकल्या. विठा, खरं की खोटं?"

"खरा हाय," विठा नाइलाजाने म्हणाली.

"ह्यातल्या ह्या सहा आज पहाटे परत भेंडीत सापडल्या. पटकी टोपलीत बसून शिवेपार जात असेल, मला माहीत नाही. ही जात नाही. ही चालते. तुम्ही वाजतगाजत पलीकडे न्याल, आणि ही साहेबाचं खाऊन, तिथं अंडी घालून, नातवंडांना घेऊन परत येईल."

महिपतींनी वाकून ती लाल टोकं न्याहाळली. त्यांची पंचाईत मी समजू शकतो. ढोल वाजवत निघालेली मिरवणूक अर्ध्यातून परत फिरवणं म्हणजे पडदा वर गेल्यावर नाटक रद्द करण्यासारखं.

"मंग आता ही टोपली खाली कशी ठेवू?" ते म्हणाले. "एकदा उचललेली पीडा गावान परत नाय घेत."

"परत नका घेऊ. इथंच पिंपात मिठाचं पाणी करा, त्यात बुडवा. मेल्या की शंख शिवेपार न्या. पीडा जाईलच, फक्त मेलेली जाईल."

हे महिपतींना पटलं. दुकानातून दोन गोणी मीठ आलं, पिंप आलं. दुपारी पाच टोपल्या रिकामे शंख ढोल वाजवत वहाळापार गेले आणि खड्ड्यात पुरले गेले. ज्यांनी कचेरीत दात काढले होते, त्यांतलेच दोघे पिंपात काठी फिरवत होते.

मी तिला म्हटलं, "सुदामची पोर शोभतेस. शत्रूची बाग वाचवलीस."

"बाग नाही वाचवली," ती फटकन म्हणाली. "गोगलगाईंनी त्याचा कोबी खाल्ला असता, तर त्याने दोन शिव्या दिल्या असत्या आणि औषध मारलं असतं. एका आठवड्यात विसरला असता. मला त्याला एवढं स्वस्तात सोडायचं नाही."

थंडी लागली. गोगलगाई तोंडाला पांढरा पडदा लावून मातीत निजल्या. यशोधरा निजली नाही. केंद्राचा माहिती अधिकार कायदा तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. तिने दहा रुपयांचा स्टॅम्प लावून कचेरीला विचारलं, माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली? लेखी उत्तर आलं: 'विद्यापीठाकडून अहवाल मागविण्यात आला असून तो अद्याप अप्राप्त आहे.' खाली मोहोळकरांची सही. मग तिने आपली मोजमापं आणि नेलपॉलिशच्या प्रयोगाची टिपणं अर्जाला जोडून विद्यापीठाला विचारलं, असा अहवाल तुमच्याकडे मागवला होता का? उत्तर आलं: 'या विषयावर कोणतेही पत्र प्राप्त नाही.'

ते दोन कागद घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी त्या जुलैनंतर प्रथमच हसू पाहिलं. साहेबांनी सही करून खोटं लिहिलं होतं. ह्या दोन कागदांवर त्यांची चौकशी लागली असती, नोकरीला कायमचा डाग लागला असता.

दुसरं उत्तर ज्या टेबलावरून आलं होतं, तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी आठवड्याभरात यशोधरेला फोनही केला. डॉक्टर तेजस्वी, वय तीस-बत्तीस.

"अर्जातली मोजमापं कुणी घेतली?"

"मी."

"नेलपॉलिशची कल्पना?"

"माझीच. पुस्तकात रंग लिहिलाय. माझ्याकडे नेलपॉलिशच होती."

"मग मी पत्राची वाट बघत नाही. रजा टाकून येते."

मे महिन्यात दोघींनी मातीत निजलेल्या गोगलगाई शोधत भिंतीचा पाया खरवडला. तेजस्वीबाईंनी एका पानाचा आराखडा केला. संकुलात बाहेरची माती आणि झाडं तपासल्याशिवाय आत नाहीत, हे नगरपालिकेने बघायचं. मीठ, पिंपं, खड्डा पंचायतीने द्यायचा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी गावाने अंथरायची, आणि रोज ऊन चढण्याआधी गोगलगाई गोळा करून मोजायच्या. आकडा रोज विद्यापीठात. आणि ह्या सगळ्यांना बांधून ठेवणारा एक अधिकारी, नावानिशी.

"तो अधिकारी कृषी खात्याचाच लागेल," तेजस्वीबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या सहीने हे चार जण हलणार नाहीत."

"त्या खात्यात मोहोळकर आहे."

"मला माहीत आहे. यशोधराताई, ते दोन कागद बाहेर काढलेत तर चौकशी लागेल, ते बाजूला होतील, आणि चार्ज दिवाळीपर्यंत कुणाकडेच नसेल. पाऊस तीन आठवड्यांवर आहे. तुम्हीच ठरवा."

मेच्या अखेरीस प्रांतसाहेबांची पावसाळ्यापूर्वीची आढावा बैठक होती आणि तेजस्वीबाईंच्या ओळखीने यशोधरेला तिथं पाच मिनिटं मिळाली. ती माझ्या गॅलरीत तालमीला आली. मोहोळकरांना उघडं पाडणारं भाषण तिने लिहून आणलं होतं. मी तिला एवढंच शिकवलं, की शेवटच्या वाक्याआधी थांब, श्वास घे, मग बोल. बारा वेळा तालीम केली. बाराव्या वेळी समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई भांडी घासायची थांबून ऐकत होत्या.

बैठकीला मी ज्येष्ठ नागरिक म्हणून मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. मोहोळकर पुढे, पेन फिरवत. यशोधरा उभी राहिली. तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले, उपडे, आणि वर पंजा ठेवला. मोहोळकरांनी स्वतःच्या कचेरीचा शिक्का पाठीमागून ओळखला असावा. पेन थांबलं.

तिने गोगलगाय म्हणजे काय, किती जागेत आहे, किती वेळ उरलाय, हे तीन मिनिटांत सांगितलं. तेजस्वीबाईंचा आराखडा वाचला. मग शेवटच्या वाक्याआधी थांबली. मी खुर्चीच्या कडेवर सरकलो. आता ती कागद उलटणार.

"सर," ती प्रांतसाहेबांना म्हणाली, "ह्या तालुक्यात ही बातमी सगळ्यात आधी मोहोळकर साहेबांना मिळाली. गेल्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या हातची तारीख आहे. ह्या विषयाची त्यांच्याइतकी जुनी माहिती दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्याला नाही. समन्वय अधिकारी म्हणून त्यांचंच नाव असावं, अशी गावाची विनंती आहे."

मोहोळकरांनी पेन टेबलावर ठेवलं.

"फक्त एक आहे," ती पुढे म्हणाली. "रोजच्या आकड्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही हवी, नाहीतर विद्यापीठ तो धरणार नाही. सही शेतातच व्हायला हवी. सकाळी साडेपाचला. ऊन आलं की गोगलगाई लपतात."

"बरोबर," तेजस्वीबाई म्हणाल्या.

"मोहोळकर, तुम्हाला काही अडचण?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

मोहोळकरांनी तिच्या पंजाकडे पाहिलं. पंजा कागदांवरून हलला नव्हता.

"नाही सर," ते म्हणाले. "आनंदच आहे."

आदेश निघाला. कालावधी, दोन पावसाळे.

मोहोळकर राहायचे कल्याणला. साडेपाचला सोनिवलीत पोचायचं तर साडेचारला स्कूटरला किक मारावी लागे. पहिल्या सकाळी ते बुटांनिशी आले आणि घोटाभर चिखलात रुतले. यशोधरा बांधावर छत्री घेऊन उभी होती. तिने हात दिला नाही. पोती उलटून गोगलगाई चिमट्याने पिंपात टाकायच्या होत्या.

"चारशे नऊ," साहेब कंबर धरून म्हणाले.

"माझ्या चारशे बारा. परत मोजा."

"तीन इकडे-तिकडे..."

"तज्ज्ञ मोजत असतील तर तीनसुद्धा इकडे-तिकडे होत नाहीत, साहेब."

त्यांनी परत मोजल्या. चारशे बाराच होत्या. विठा दुधीच्या मांडवाखालून ओरडली, "सायेब, पळाली बघा ती! धरा! तुमच्याच बंगल्याकडं चाललीय!" साहेब खरोखरच वळून बघू लागले.

असा तो पावसाळा. रविवार नाही, पंधरा ऑगस्ट नाही, गणपती नाही. यशोधरा दहाला उल्हासनगरच्या लॅबमध्ये हजर व्हायची. त्याआधी साडेपाचला रोज शेतात. पोती कमी पडली तेव्हा उल्हासनगरातल्याच कॅम्प चारच्या सिंधी बारदानवाल्याकडून तिने स्वतः आणली. तो म्हणाला, "साईं, दीदी, इतनी बोरी? शादी है क्या?" ती म्हणाली, "नहीं, बदला है." त्याने घाबरून दहा पोती जास्त दिली.

मी दोन-चारदा मुद्दाम पहाटे रिक्षा करून गेलो. खरं सांगतो, पहिल्याच आठवड्यात मी मोहोळकरांना माफ करून टाकलं होतं. प्लास्टिकच्या टोपीतून पाणी निथळणारा पन्नाशीचा माणूस बघून कुणाचंही मन द्रवलं असतं. यशोधरेचं नाही. आणि पुढे एक विपरीतच घडलं: ते काम चांगलं करायला लागले. अंड्यांचा पुंजका लांबून ओळखू लागले. संकुलाच्या फाटकावर शोभेच्या झाडांचा एक ट्रक तपासणीशिवाय घुसत होता, त्याच्यापुढे स्कूटर आडवी घालून त्यांनी तो परत पाठवला. गावात त्यांचं कौतुक झालं. ह्याचा यशोधरेला फार त्रास झाला.

"बघा, तो हसतो आता," ती माझ्याकडे तक्रार करत आली. "शेतात येऊन हसतो. विठाच्या पोरांना बोट दाखवून शिकवतो."

"मग झालं की. सुधारला माणूस."

"मी त्याला सुधारायला नेमलं नव्हतं."

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलै दोन हजार आठला, आकडा रोजचा सात-आठवर आला होता. त्याच वेळी मोहोळकरांच्या बदलीचा कागद निघाला, साताऱ्याकडे, त्यांच्या स्वतःच्या गावाजवळ. सहा वर्षं ते त्यासाठी खेटे घालत होते. पण समन्वयाचं काम संपल्याशिवाय प्रांतसाहेब सोडेनात. त्यांनी विद्यापीठाला विचारलं, तेजस्वीबाईंनी यशोधरेला विचारलं. तेव्हा मोहोळकर स्वतः लॅबमध्ये आले. ती बरण्या पुसत होती. त्यांना बसायला सांगायचं तिला सुचलं नाही.

"ताई, आता सात-आठच निघतात. काम झाल्यासारखंच आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी सुटतो."

"ओळीने तीस दिवस शून्य यायला हवं."

"ते दुसरा कुणी बघेल."

"आदेशात नाव तुमचं आहे. तुम्ही गेलात की आदेश गेला. नवा निघेपर्यंत सात-आठाच्या दोन हजार होतील. दोन वर्षांची मेहनत वहाळात."

"माझ्याकडून एक चूक झाली. मी बोलायला नको होतं ते बोललो. पण त्यासाठी किती सकाळी, ताई?"

तिने बरणी खाली ठेवली. "आजपर्यंत एकशे चव्वेचाळीस. तुम्ही पहिल्याच दिवशी पत्र काढलं असतं, तर एकही लागली नसती."

ते गेले नाहीत. बदलीचा कागद खिशात घेऊन ते पुढेही रोज साडेपाचला येत राहिले. ऑगस्टमध्ये आकडा तीन, मग एक. एकतीस ऑगस्टला पहिलं शून्य. त्यानंतर रोज शून्य, आणि रोज साडेपाचला त्या शून्याखाली सही. एकही गोगलगाय नसलेल्या शेतात तो माणूस रोज सगळी पोती उलटत होता, कारण बांधावर ती उभी होती.

एकोणतीस सप्टेंबरला, तिसाव्या शून्याच्या दिवशी, मी गेलो होतो. तेजस्वीबाईही आल्या होत्या. साहेबांनी सही केली, पेनला टोपण लावलं आणि यशोधरेकडे पाहिलं. माझ्यातल्या नटाला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. दोन अंकांचं वैर, समोर हरलेला माणूस. एवढा प्रसंग कुठला लेखक वाया घालवेल? ती काही बोलली नाही. रजिस्टर पिशवीत घातलं आणि घड्याळ बघितलं, कॉलेजची वेळ होत होती.

मोहोळकर स्कूटरकडे निघाले. वाटेत विठाने त्यांना थांबवलं आणि वाफ्यातली ताजी भेंडी पिशवी भरून त्यांच्या हातात दिली. साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी पिशवी छातीशी धरली, हात जोडले, आणि निघून गेले.

यशोधरा हे बांधावरून बघत होती. विठा जवळ येताच तिने विचारलं, "फुकट दिलीस त्याला?"

"फुकट कशाला?" विठा कमरेला चंची खोचत म्हणाली. "बाजारापेक्षा चार रुपये जास्ती लावले."

यशोधरेने मान हलवली. "सहा लावायचे होतेस," ती म्हणाली, आणि रिक्षा धरायला रस्त्याकडे चालू लागली.